राब, कवळ आणि कोयता

कोयता म्हटलं की आपल्याला, म्हणजे पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना, आता फक्त पोलिसांच्या बातम्या आठवतात. २०२३ च्या सुरुवातीला तर पुण्यात कोयता विकत घेणाऱ्याचं आधार कार्ड बघून नोंद ठेवा, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं. टोळक्यांनी तशी वेळच आणली होती म्हणा.

पण मंडळी, हातात कोयता दिसला की संशय, हा प्रकार या टोळक्यांच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीचा आहे. आणि तेव्हा त्या कोयत्याने फक्त झाडाच्या फांद्या तुटत होत्या!

ही गोष्ट उत्तर कोकणातली, म्हणजे जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली. इथे भाताची रोपं करायची तर आधी राब भाजावा लागतो. ज्यांनी कधी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, त्यावर झाडांच्या पाल्यासकट तोडलेल्या फांद्या, वर गवत आणि शेवटी मातीचा पातळ थर असं रचून पावसाआधी पेटवून द्यायचं. वरची माती असते म्हणून ते भडकत नाही, हळूहळू धुमसतं. तणाचं बी मरतं, राख मिळते, जमीन भुसभुशीत होते. एका जाळात तीन कामं. या पालेदार फांद्यांना म्हणतात कवळ, आणि कवळासाठी सगळ्यात आवडतं झाड ऐनाचं.

कवळ तोडायचं हत्यार म्हणजे कोयता. कुऱ्हाड खोडासाठी असते. तिला पायाखाली जमीन लागते, दोन्ही हात लागतात. कोयत्याला एक हात पुरतो, दुसऱ्या हाताने माणूस झाडाला धरून असतो. कमरेला मागे आकडी, तिच्यात कोयता अडकवायचा आणि सरळ वर चढायचं. पात्याची पाठ जाड, वजन पुढच्या टोकाकडे, आणि टोक पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं. घाव वजनाने बसतो, मनगटाला फक्त दिशा द्यायची. चोचीने लांबची फांदी ओढून जवळ घेता येते. कुणा इंजिनिअरने डिझाईन केलं नसेल, पण केलं असतं तरी यापेक्षा बरं काही सुचलं असतं असं मला वाटत नाही.

घाव कसा घालायचा यालाही शास्त्र आहे. रोह्याकडे माझे एक मामा आहेत, त्यांच्याकडून मी हे शिकलो (हाताला फोड आणून). फांदीवर काटकोनात कधीच मारायचं नाही, तिरकं मारायचं. जाड फांदी असेल तर आधी खालून एक हलका घाव आणि मग वरून. नाहीतर फांदी आपल्या वजनाने मोडते आणि मोडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. तिथे पाणी मुरतं, किडा लागतो. आणि शेंडा ठेवायचा. कितीही कवळ कमी पडलं तरी शेंड्याला हात लावायचा नाही. त्यामुळे कोकणात ऐनाची झाडं खांबासारखी सरळसोट आणि वर फक्त एक झुबका अशी दिसतात. दिसायला अगदी केविलवाणी, पण जिवंत. पाऊस पडला की पुन्हा फुटतात.

इथे धारेचा संबंध येतो. बोथट कोयत्याने फांदी तुटत नाही, ठेचते. मामा आधी कानस मारतात, ती फक्त धारेकडून पाठीकडे, ढकलत. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की मग दगडावर पाणी मारत पाजळायचं. नखाला उलट बाजूने बारीक कुसर लागली की बाजू बदलायची. गवताच्या विळ्यासारखी पातळ धार काढलीत तर पहिल्या गाठीवरच खांडं पडणार. लाकडाला धार जाडच हवी. आणि दर वर्षी एकदा तरी लोहाराकडे. तो पातं तापवून ठोकून पुन्हा पाणी देतो. पाणी जास्त झालं तर पातं काचेसारखं उडतं, कमी झालं तर धार वळते. पूर्वी हे सगळं बलुत्यात व्हायचं. आता लोहार रोख घेतो आणि पोलाद ट्रकच्या पाट्याचं असतं, पण भाता आणि ऐरण तीच.

तर अशी सगळी व्यवस्था चालू असताना इंग्रज सरकारला लाकूड लागायला लागलं. जहाजांसाठी साग आधीपासून हवाच होता. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन हे पहिले जंगल अधिकारी नेमले गेले. १८५३ ला ठाण्यापर्यंत रेल्वे आली, पुढच्या दहा-बारा वर्षांत ती बोरघाट आणि थळघाट चढून गेली, आणि स्लीपरांसाठी खोडंच्या खोडं लागायला लागली. मग १८७८ चा जंगल कायदा. राखीव जंगलात झाड पाडणं गुन्हा, आणि फांदी छाटणं हाही गुन्हा. एवढंच नाही, गुन्ह्यात वापरलेलं हत्यारही जप्त करता येणार.

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. सरकारच्या नजरेत झाड म्हणजे खोड, इतके घनफूट. फांद्या छाटल्या की खोड नीट वाढत नाही, म्हणजे नुकसान. कुळाच्या नजरेत झाड म्हणजे दर वर्षीचा पाला, आणि खोड हे फक्त तो पाला धरून ठेवणारा खांब. दोघंही आपापल्या जागी झाड राखतच होते! पण कायदा लिहिणारा एकच होता. सगळीकडे फार काळजीने छाटणी व्हायची असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. मुंबईला जळण आणि कोळसा पुरवणाऱ्या ठेकेदारांनी डोंगर उघडे केले होतेच. पण शिक्षा झाली ती कवळवाल्यालाही.

बोंब इतकी झाली की १८८५ साली सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्याआधीच, १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याला चांगलंच धारेवर धरलं होतं. राबात खरंच काही तथ्य आहे का, हा तेव्हा साहेबलोकांत गंभीर वादाचा विषय होता. शेतकी रसायनशास्त्रज्ञ व्होलकर यांच्या १८९३ च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. ज्या माणसाचं रोप राबावर उगवत होतं त्याला मात्र हा प्रश्न पडला नसावा.

सवलती मिळाल्या, गेल्या, पुन्हा मिळाल्या. राग मुरत गेला. १९३० साली गांधीजींनी मीठ उचललं तेव्हा जिथे समुद्र नाही तिथे लोकांनी जंगलचा कायदा मोडला. उरण तालुक्यातल्या चिरनेरला समुद्र जवळ होता, तरीही तिथल्या लोकांनी जंगलच निवडलं, यातच काय ते आलं. २५ सप्टेंबर १९३० ला आगरी, कोळी, कातकरी असे गावोगावचे लोक अक्कादेवीच्या डोंगरावर झाडं तोडायला चढले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले, आणि त्या गोळीबारात खुद्द मामलेदार जोशीही गेले. चिरनेरला हुतात्म्यांचं स्मारक आहे. मुंबईहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं, जरूर जा.

१८७८ च्या कायद्याच्या जागी १९२७ चा आला आणि तो अजून चालू आहे. कलम २६ मध्ये फांदी छाटणं आहे, कलम ५२ मध्ये हत्यार जप्त करणं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बरंच काही परत दिलं, पण ज्यांचे दावे अडकलेत त्यांच्या कोयत्यावर कलम ५२ ची टांगती तलवार तशीच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चित्र वेगळं. तिथलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं, त्यामुळे कवळ तोडायला कुणी फारसं अडवलं नाही आणि छाटलेले ऐन-किंजळ उभे राहिले. आता राब भाजायला घरात माणसं नाहीत. सगळी मुलं मुंबईला, आणि भाताला युरिया मिळतो. कवळ नको म्हणजे झाडाचा दरवर्षीचा उपयोग संपला. मग ठेकेदार येतो, अख्ख्या डोंगराचा एकरकमी सौदा करतो, आणि मशीनच्या करवतीने सगळं बुंध्यापासून साफ करतो. मामांच्या शेजारच्या डोंगराचं गेल्याच वर्षी असं झालं. मामांचा स्वतःचा ऐन अजून आहे, आणि दर मार्चला ते कोयता पाजळून वर चढतात. वय एकाहत्तर.