वार्मिंट रायफल, पायी शिकारीची
अमेरिकेत वुडचक, प्रेअरी डॉग यांसारख्या शेतीला उपद्रवी मानलेल्या प्राण्यांना 'वार्मिंट' म्हणतात. त्यांच्या शिकारीसाठी कुरणांतून पायी हिंडताना वापरली जाणारी हलकी, लहान व्यासाच्या नळीची रायफल. एका जागी बसून सतत गोळ्या झाडणाऱ्यास सावकाश तापणारी जाड नळी सोयीची असते, पण दिवसभर खांद्यावर वागवताना तिचे वजन जाचक ठरते, म्हणून पायी शिकाऱ्याने बारीक नळी निवडून मोजक्याच गोळ्या झाडणे श्रेयस्कर. १९३० च्या सुमारास बाजारात आलेले .२२ हॉर्नेट हे सौम्य आवाजाचे काडतूस सुमारे १५० मीटरपर्यंत उत्तम, तर मोकळ्या माळावर १९५० चे .२२२ रेमिंग्टन सरस ठरते. आघाताबरोबर फुटणाऱ्या पातळ कवचाच्या गोळीमुळे ती जमिनीवरून उसळण्याचा धोका घटतो, तरीही लक्ष्यामागे मातीचा उंचवटा असल्याखेरीज चाप ओढू नये.