अमेरिकन मोटारींचा जीर्णोद्धार : मूळ स्वरूपाचा प्रश्न

इतिहासाच्या साधनांमध्ये कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि वास्तू यांना जे स्थान आहे, ते यंत्रांना अद्याप निःसंकोचपणे मिळालेले नाही. यंत्र जुने झाले की मोडीत निघते. न निघाल्यास दुरुस्त होते. आणि या दोन्ही प्रकारांत त्याच्या अंगावरील पुरावा नष्ट होण्याचा संभव असतो. विसाव्या शतकातील अमेरिकन मोटारींचा जीर्णोद्धार हे याचे ठळक उदाहरण होय. वरवर पाहता हा हौशी धनिकांचा छंद आहे. परंतु जुन्या मोटारीला तिचे ‘मूळ’ रूप परत द्यावयाचे म्हणजे नेमके कोणते रूप द्यावयाचे, हा प्रश्न कारागिरापुढे उभा राहतो, तेव्हा तो संशोधकाच्या नित्याच्या प्रश्नाहून निराळा राहत नाही.

काही मोटारींच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली. १९१३ साली हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली, आणि १९२७ पर्यंत या जातीच्या सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या. एका गाडीचा भाग दुसरीला बसावा, हेच या पद्धतीचे मर्म होते. म्हणून अशा गाडीचे मूळ रूप कोण्या एका कारागिराच्या हातात नसून कारखान्याच्या नमुन्यात असते, आणि त्या नमुन्याशी ताडून पाहता येते.

याच्या दुसऱ्या टोकाला ड्यूसेनबर्ग कंपनीची १९२८ अखेर प्रकट झालेली ‘मॉडेल जे’ आहे. ही कंपनी मुख्यतः सांगाडा आणि एंजिन पुरवीत असे. वरचा साज ग्राहकाच्या इच्छेनुसार स्वतंत्र कारागीर चढवीत. १९३७ पर्यंत असे जेमतेम पाचशेच्या आत सांगाडे तयार झाले. त्यांपैकी एकाचा संबंध मराठी इतिहासाशी येतो. इंदूरचे संस्थानिक यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी या जातीच्या एका शक्तिशाली सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीने शरीर बांधले. यंत्र अमेरिकेचे, साज इंग्लंडचा आणि आज्ञा माळव्यातील मराठा दरबाराची : अशा गाडीचे कारखान्यातील मूळ रूप शोधणे व्यर्थ होय, कारण पूर्ण रूपात ती कोणत्याही एका कारखान्यातून बाहेर पडलीच नाही.

कारखाना आणि खासगी वर्कशॉप ही दोन जगे परस्परांपासून तुटलेली होती, असेही म्हणता येत नाही. हार्ले अर्ल याने लॉस एंजेलिसमध्ये वडिलांच्या वर्कशॉपमध्ये हे काम शिकून घेतले. ते वर्कशॉप १९१९ साली डॉन ली या कॅडिलॅक-विक्रेत्याने विकत घेतले. पुढे ‘ला साल’ या गाडीची आखणी केल्यावर अर्ल १९२७ साली जनरल मोटर्सच्या नव्या कला व रंग विभागाचा प्रमुख झाला. एकेका ग्राहकासाठी शरीर घडविणाऱ्याची दृष्टी अशा रीतीने लक्षावधी गाड्यांच्या आखणीत उतरली. १९४८ च्या कॅडिलॅकवर उगवलेले आणि १९५९ साली कळसाला पोचलेले शेपटीचे पंख याच परंपरेचे फळ होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रवाहाची दिशा उलटली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबविण्यात आले होते. युद्ध संपल्यावर यंत्रविद्या अवगत असलेले तरुण घरी परतले, आणि जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियात कारखान्याचे रूप नाकारून गाडीला नवे रूप देणारी वर्कशॉपे वाढली. १९४८ साली निघालेले ‘हॉट रॉड’ मासिक त्यांचे मुखपत्र बनले. टप कापून खाली आणणे, दाराच्या मुठी काढून टाकणे, सांधे बुजवून पत्रा एकसंध करणे ही त्यांची मुख्य कामे होत. सांधा बुजविण्यासाठी शिसे व कथील यांचा मिश्रधातू गॅसच्या ज्योतीने मऊ करून लाकडी थापीने पसरीत आणि थंड झाल्यावर कानसीने घाशीत.

जॉर्ज आणि सॅम बॅरिस या बंधूंच्या वर्कशॉपने १९५२ साली बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणासाठी १९५१ ची मर्क्युरी बदलली, ती या कलेचा आदर्श मानली जाते. तिचा टप उतरविला, दारांमधला खांब काढला आणि तिला हिरव्या रंगाच्या दोन छटा दिल्या. पुढे तिचे रंग बदलले, मालक बदलले, आणि १९५९ साली ती अवघ्या ५०० डॉलरांना विकली गेली. कित्येक वर्षांनी तिचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा १९५१ चे कारखान्यातील रूप नव्हे, तर १९५२ चे वर्कशॉपमधील रूप मूळ मानण्यात आले. हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. तशा मर्क्युरी हजारोंनी निघाल्या होत्या. हिरोहाताची एकच होती. २०१७ साली तिची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिला लिलावात २१ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

या निर्णयामागे सामाजिक इतिहासाचाही प्रश्न आहे. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी गाड्या जमिनीलगत आणण्याची प्रथा पाडली होती. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या धावेच्या खालच्या कडेपेक्षा खाली असू नये, असे बंधन १९५८ पासून तेथील कायद्याने घातले. लगेच १९५९ साली द्रवदाबाचे पंप बसवून गाडी हवी तेव्हा वर-खाली करण्याची युक्ती निघाली. म्हणजे त्या काळच्या गाडीत सापडणारा पंप हा केवळ सुटा भाग नसून, कायदा आणि त्याला मिळालेले उत्तर यांचा लेखच होय. कारखान्याशी इमान राखण्याच्या नावाखाली तो काढून मूळ स्प्रिंगा बसविणारा कारागीर, ज्यांचे कागद दप्तरखान्यात फारसे नाहीत अशा लोकांचा एक पुरावा नकळत पुसून टाकतो.

कारखाना आणि वर्कशॉप यांच्यावर तिसरा थर चढतो तो जीर्णोद्धार करणाराचा. १९२४ च्या ओकलंड गाडीवर ड्यूको हे लवकर वाळणारे लॅकर प्रथम आले, आणि रंगकामाला लागणारे आठवडे वाचले. त्या काळच्या गाडीला आजचे आधुनिक रंग दिले, तर ती कारखान्यातून निघताना होती त्याहून अधिक चकाकते. तळाचा ओबडधोबड पत्रा गुळगुळीत होतो, आणि तपासनिसाच्या खडूच्या खुणा धुतल्या जातात. आरंभी नेटकेपणालाच बक्षीस देणाऱ्या हौशी मंडळांना ही चूक उमगण्यास काळ लागला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१३ मधील ट्यूरिन सनदेने वास्तुरक्षणाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचे तत्त्व मोटारींना लागू केले, आणि जतन व पुनर्निर्मिती यांत भेद केला.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, गंज कोणासाठी थांबत नाही, आणि मोटार चालली नाही तर तिचा अर्थच हरपतो. हा आक्षेप खरा आहे. म्हणून हात न लावणे हा सार्वत्रिक नियम होऊ शकत नाही. येथे पाठचिकित्सेचे उदाहरण उद्बोधक ठरावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना, संपादकांनी एक पाठ स्वीकारला, पण नाकारलेले पाठ तळटीपांत राखले. त्यांच्याशी मतभेद असणारास त्याच आवृत्तीच्या आधारे वाद घालता येतो. मोटारीच्या कारागिराला ही सोय नाही. पत्र्याला तळटीप जोडता येत नाही. एक रूप स्वीकारताच दुसरे जाते.

तळटीपेची जागा मग नोंदीनेच भरून काढावी लागते. खोलण्यापूर्वीची छायाचित्रे, रंगाच्या थरांचे जपलेले नमुने, काढलेले पण न फेकलेले भाग, आणि कोणते रूप कोणत्या पुराव्यावरून स्वीकारले याचा लेखी खुलासा, एवढे असल्यास जीर्णोद्धार हे एक प्रकारचे संपादन ठरते. राष्ट्रीय नोंदवहीतील गाड्यांची छायाचित्रे व कागदपत्रे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात ठेवण्याची प्रथा याच दिशेचे पाऊल होय. ही नोंद नसेल, तर चकचकीत गाडी प्रदर्शनात कितीही शोभली तरी साधन म्हणून तिची किंमत उरत नाही. कारण मग तिच्यातील कारखान्याचे किती, वर्कशॉपचे किती आणि नव्या हाताचे किती, हे सांगण्यास कोणीच शिल्लक राहत नाही.