पेन्शनीत निघालेले शेवटचे

'अमुक तमुक पेन्शनीत निघाले' हे वाक्य आपल्या लहानपणी घरोघरी ऐकू यायचं. पुढच्या पिढीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार बहुतेक!

17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. पण 1 जानेवारी 2004 पासून केंद्राने (सैन्यदलं वगळून) नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद केली. 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्रानेही तेच केलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर आधी आउटपुट ठरलेलं होतं: शेवटच्या पगाराच्या निम्मे. आता इनपुट ठरलं: 10 टक्के तुमचे, सुरुवातीला तेवढेच सरकारचे. हाती काय पडेल ते बाजार ठरवणार. थोडक्यात, जोखीम सरकारच्या डोक्यावरून नोकरदाराच्या डोक्यावर आली.

मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून, 25 वर्षं नोकरी झालेल्यांना निम्म्या मूळ पगाराची हमी देणारा पर्याय आणला.

आणि आपण खाजगीवाले? आपली 1995 ची ईपीएस. 2014 मध्ये ठरलेली 15,000 ची पगारमर्यादा धरून ढोबळ हिशोब करा: 15,000 × 35 वर्षं ÷ 70 = महिना 7,500 रुपये. त्यावर महागाई भत्ता नाही.

दारात जेवण आणून देणाऱ्या पोराचा तर पीएफसुद्धा कापला जात नाही. सरकारी नोकरांकडे निदान संघटना होती. ह्याने संप करायचा तो कुणाविरुद्ध?