जलशाचा धडा

लोकरंजनातून लोकशिक्षण साधते काय, हा वाद जुनाच आहे. न्यूयॉर्क शहरातील १९७९ सालची एक हकीकत या दृष्टीने मननीय आहे. त्या वर्षी २८ मार्च रोजी पेनसिल्व्हेनिया प्रांतातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रास अपघात झाला आणि लोकांची मने धास्तावली. जॅक्सन ब्राउन, ग्रॅहॅम नॅश, बॉनी रेट, जॉन हॉल प्रभृती गायकांनी एक संघ स्थापून सप्टेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे पाच रात्री जलसे केले. अणुशक्ती नको, सूर्यशक्ती हवी, असा त्यांचा घोष होता. उत्पन्नही त्याच कार्यास द्यावयाचे होते. २३ सप्टेंबरच्या मैदानी सभेस सुमारे २ लक्ष लोक लोटले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीस ज्यूल चार्नी यांच्या समितीने एक अहवाल सादर केला. कोळसा व तेल जळून निघणारा कर्बाम्लवायू हवेत दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान सुमारे ३ अंश सेल्सियसने वाढेल, असा त्यातील निष्कर्ष होता. त्यासाठी मात्र कोणी तंबोरा जुळविला नाही. पुढे दोन दशके त्या देशाची सुमारे निम्मी वीज कोळशावरच निघत राहिली.

सूर्याची महती गायकांनी गाइली, ती यथार्थच होती. परंतु समाज अपघाताने दचकतो. रोजच्या धुराने दचकत नाही. गाणे लोकांस जागे करील. कोणत्या संकटासाठी जागावे, हे अभ्यासानेच ठरवावे लागते.