बोटीवरचा नंबर

मागच्या पोस्टमध्ये स्खेवेनिंगेन बंदराचे फोटो टाकले होते. ते बघून डहाणूच्या मावशीचा फोन आला. "फोटो छान आहेत रे, पण प्रत्येक बोटीवर एससीएच आणि पुढे आकडा कशाला? आपल्याकडेही बोटींना नंबर असतात, पण हे कुणी सुरू केलं?" बंदर पालथं घालून आलो, पण हा प्रश्न काही मला पडला नव्हता! शोधायला बसलो आणि अख्खा रविवार त्यात गेला. :)

एससीएच म्हणजे स्खेवेनिंगेन, इतकं सोपं आहे. नंबर त्याआधीही काही देशांत होते. पण शेजारच्या देशांनी मिळून त्यांचे नियम बांधले ते इथेच, हेगमध्ये, ६ मे १८८२ रोजी. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क आणि हॉलंड यांनी उत्तर समुद्रातल्या मासेमारीवर देखरेख ठेवण्यासाठी एक करार केला.

गरज का पडली? हेरिंगसाठी (आपल्या तारलीची लांबची बहीण) लोक रात्री पाण्यात लांबच लांब जाळी सोडून ठेवत. ट्रॉलर त्यातून आरपार जात आणि जाळी फाटत. काही जण तर जाळी कापायला धारदार लोखंडी गळ बाळगत. इंग्रज कोळी त्याला 'डेव्हिल' म्हणत आणि बेल्जियमच्या बोटींवर आळ घेत. अंधारात कुणी काय केलं, कसं कळणार?

म्हणून नंबर. बंदराची अक्षरं आणि आकडा, काळ्यावर पांढऱ्या रंगात, लांबून दिसेल असा. जाळी कापण्याचं हत्यार वापरणंच नव्हे, बोटीवर ठेवणंही गुन्हा ठरलं.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढे. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांचा पट्टा ज्याचा त्याचा. त्यापलीकडे कुणीही जाळी तोडली किंवा मारामारी केली, तर सहापैकी कुठल्याही देशाच्या गस्ती जहाजाचा कप्तान चौकशी करून पंचनामा करू शकत होता. प्रकरण गंभीर असेल तर तो बोट बंदरात घेऊन जाई, पण स्वतःच्या नव्हे, त्या कोळ्याच्या देशाच्या बंदरात! खटलाही तिथल्याच कोर्टात. आणि दोन्ही बाजू तयार असतील, तर नुकसानभरपाई तिथेच समुद्रावर ठरवून द्यायची मुभा.

म्हणजे पकडणारा परका चालेल, पण न्याय घरचा. एकमेकांवर फारसा विश्वास नसलेल्या देशांना हे पटलं ते बहुधा यामुळेच.

सगळं असं सुरळीत झालं नाही. त्याच समुद्रात दारू विकणाऱ्या बोटी फिरत. कोळी दारूपायी मासळीच काय, जाळीसुद्धा देऊन टाकत. त्याविरुद्ध १८८७ मध्ये दुसरा करार झाला, पण फ्रान्सने सही करून शेवटची मंजुरी दिलीच नाही. बाकीच्यांनी तो लागू करेपर्यंत १८९४ उजाडलं.

बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, समुद्री कायद्याचा जागतिक करार झाला. त्यात म्हटलंय की दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला, तर जामीन घेऊन बोट आणि खलाशी लवकर सोडावेत. दोन देशांत तसं ठरलं नसेल तर तुरुंगवासही नको. भारत आणि पाकिस्तान, दोघांनी हा करार मान्य केला आहे.

आणि तरीही... पालघर जिल्ह्यातली कितीतरी मुलं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सर क्रीकजवळ सीमेवर एकमत नाही, पाण्यावर रेषाही नाही. बोट पकडली गेली की ती कराचीला जाते, गुजराती तांडेल आणि मराठी खलाशी परक्या तुरुंगात. तिकडचे कोळी आपल्याकडच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. घरची माणसं त्या यादीकडे डोळे लावून असतात.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बोटीवर नंबर आहे, तो वाचता येतो. मग कुणाचं पोर आहे ते कळायला इतकी वर्षं का लागतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा.