गाण्याआधीची मांडामांड

संगीतावरच्या पुस्तकात फाइलींची नावे, फोल्डर आणि याद्या यांचे काय काम, असे कुणी विचारले तर त्याला २३ ऑक्टोबर २००४ ची रात्र सांगावी. अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाच्या थेट प्रक्षेपणात अ‍ॅशली सिम्प्सन ही गायिका दुसऱ्या गाण्यासाठी उभी राहिली, आणि वाजू लागला तो आधीच गाऊन झालेल्या पहिल्या गाण्याचा ट्रॅक, तोही तिच्या आवाजासकट. माईक तोंडापासून लांब, गाणे मात्र चालू. साथीदारांनी वेळ मारून न्यायला तेच गाणे धरले, ती जराशी नाचली आणि निघून गेली. पुढे वाद रंगला तो तिच्या प्रामाणिकपणावर. वाजून झालेले गाणे पुढच्या गाण्याच्या जागी मुळात सुरू होऊच कसे शकते, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला राहिला. आपला विषय त्या प्रश्नापासून सुरू होतो.

तसा तो जुनाच आहे. ‘द हू’ या ब्रिटिश बँडने १९७१ मध्ये सिंथेसायझरचे आधी मुद्रित केलेले सूर फितीवरून सोडून त्यावर प्रत्यक्ष वादन करायला सुरुवात केली, तेव्हा ड्रमवादक कीथ मून हेडफोन लावून फितीच्या लयीला धरून वाजवत असे. १९७३ च्या ‘क्वाड्रोफेनिया’ दौऱ्यात या फितींनी त्यांना इतका ताप दिला, की काही गाणी कार्यक्रमातून गाळावी लागली. फितीवर गाणी ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने ती निघणार. मध्येच पुढचे हवे तर गुंडाळत बसा, क्रमच बदलायचा तर कापा आणि जोडा. १९९२ मध्ये सोनीची मिनिडिस्क आली, तिच्यावर गाण्यांना नावे देता येऊ लागली, क्रम फिरवता येऊ लागला. संगणकाने तर गाणे आणि क्रम यांची पुरती फारकत केली.

आपल्या सवयी मात्र फितीच्याच राहिल्या. कुठल्याही ऑर्केस्ट्राचा पेन ड्राइव्ह उघडून पाहा. गाण्याच्या नावाआधी ‘०१’, ‘०२’ असे आकडे चिकटलेले असतात, म्हणजे मागच्या कार्यक्रमाचा क्रम गाण्याच्या कपाळी कायमचा कोरलेला. शेजारी ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच फायनल’ ही भावंडेही असतात.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, गाणी एका जागी ठेवा आणि याद्या दुसऱ्या. गाण्याची फाइल एकच, तिचे नाव कधी बदलायचे नाही. यादीने तिच्याकडे फक्त बोट दाखवायचे, आणि कार्यक्रम संपला की यादी बाजूला ठेवून द्यायची. याला अपवाद आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पुष्कळ स्वस्त प्लेअरना यादी कळतच नाही. काही नावाच्या अनुक्रमाने वाजवतात, काही तर ज्या क्रमाने फाइली कॉपी केल्या त्याच क्रमाने. तिथे आकडे द्यावेच लागतात. पण ते त्या संध्याकाळपुरत्या काढलेल्या प्रतीला द्यावेत, मूळ भांडाराला नव्हे. आणि देताना ‘१’ नव्हे तर ‘०१’ द्यावा, कारण यंत्र अक्षरे लावू लागले की १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो.

ग्रंथपालांनी हा गुंता आपल्या आधी सोडवला आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ च्या अहवालात मूळ कृती, तिचा एखादा आविष्कार आणि हातातली प्रत यांत फरक केला. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू पडतो. एक भावगीत ही कृती. काळी एकमध्ये गायकासाठी केलेला ट्रॅक आणि काळी चारमध्ये गायिकेसाठी केलेला ट्रॅक हे तिचे दोन आविष्कार. पेन ड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर आहेत त्या प्रती. म्हणून फाइलीच्या नावात आधी गाणे, मग पट्टी, मग लय आणि शेवटी तारीख, तीही वर्ष आधी घालून, म्हणजे जुने-नवे आपोआप ओळीने लागते. ‘फायनल’ या शब्दाला या पद्धतीत जागाच उरत नाही.

पट्टी नावात लिहिली म्हणजे ट्रॅक त्या पट्टीत वाजेलच असे मात्र नाही. सीडीचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा, व्हिडिओच्या कामातला बहुधा ४८,००० नमुन्यांचा. पहिल्या प्रकारची फाइल एखाद्या यंत्राने रूपांतर न करता दुसऱ्या वेगाने वाजवली, तर पाच मिनिटांचे गाणे साधारण चार मिनिटे छत्तीस सेकंदांत आटोपते आणि सूर सुमारे दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकचे गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध लटकते. हार्मोनियमवाल्याला कुठलीच पट्टी सापडत नाही, कारण तिथे पट्टीच नाही. गायकाचा गळा बिघडला असे समजून सगळे त्याच्याकडे पाहतात. हे टाळायला सगळे भांडार नमुन्यांच्या एकाच दरात ठेवून यंत्रही त्याच दरावर लावणे पुरे. कुठला दर निवडला याला फारसे महत्त्व नाही.

आवाजाची पातळी, क्लिकची स्वतंत्र वाहिनी, मिडीचे आदेश या गोष्टी पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील, इथे त्यांचा पसारा नको. एका प्रश्नावर मात्र परदेशी पुस्तिका गप्प असतात आणि मराठी रंगमंचाला तो रोजच पडतो. आपला श्रोता वन्स मोअर देतो, चिठ्ठीवर फर्माईश पाठवतो. जिवंत वादक नुसत्या नजरेने अंतऱ्यावरून पुन्हा धरतात, ट्रॅकला नजर नसते. म्हणून वन्स मोअर हमखास मिळणाऱ्या गाण्याचा फक्त धृपद आणि शेवटचा अंतरा असलेला छोटा ट्रॅक वेगळा करून ठेवावा. फर्माईशींचा साठा यादीबाहेर, पण एका बोटाच्या अंतरावर असावा.

याची उलट बाजू गणेशोत्सवात दिसते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवू शकते, पण तुमचा कार्यक्रम त्या दिवसांत येईलच असे नाही. प्रमुख पाहुण्यांचे भाषण लांबले की पावणेदहाला सहा गाणी शिल्लक असतात. कुठली तीन गाळायची हे त्या वेळी निवेदक, गायक आणि मंडळाचे अध्यक्ष यांनी विंगेत कुजबुजून ठरवायचे नसते. यादी करतानाच त्या गाण्यांवर खूण हवी, आणि गाळल्यावर पुढचे गाणे कुठून उचलायचे हेही ठरलेले हवे.

बटण कुणी दाबावे, यावर जाणकारांचे एकमत नाही. ऑक्टोपॅडवाल्याने दाबावे म्हणणारे म्हणतात, लय त्याच्या हातात असते. वेगळा माणूस हवा म्हणणारे म्हणतात, वाजवणाऱ्याला पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचायला सवड नसते. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. तिसऱ्या प्रकरणात पहिली बाजू तितक्याच जोराने मांडलेली आहे. ती वाचूनच वाचकाने आपले मत बनवावे.