थरथरलेली आई

नवरीची तयारी होत असताना तिचे छायाचित्र काढण्याची रीत अलीकडची, असा आपला समज असतो. परंतु २५ जानेवारी १८५८ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात १७ वर्षांच्या राजकन्या व्हिक्टोरियाला, विवाहविधीस निघण्यापूर्वी, मातापित्यांसमवेत टिपण्यात आले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटेपर्यंत निश्चल राहावे लागे. कन्या सासरी प्रशियाला जाणार होती. आई, म्हणजे प्रत्यक्ष व्हिक्टोरिया राणी, थरथरली आणि तिची छबी पुसट उमटली. तशी नोंद तिने रोजनिशीत केली. ते चित्र मात्र टाकून दिले गेले नाही. राजसंग्रहात ते आजही आहे.

विवाहाच्या सकाळी छायाचित्रकार रडवेल्या आईला बाजूला व्हायला सांगतो, तेव्हा आम्हांस राणीची आठवण होते. आम्ही म्हणतो, बाबा रे, आईलाही चित्रात घे. हलली तरी चालेल.